मुलींना मेकअपच्या टेबलावरून कॅमेऱ्यामागे आणायचं कसं?

धनकवडीतल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

'आमच्याकडे आठवी-नववीच्या मुलांचा व्हिडिओ गट आहे. ११ मुली, ९ मुलगे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी १२ मिनिटांची फिल्म केली. कॅमेरा आणि एडिटिंग मुलग्यांनी केलं. मुली अभिनय, मेकअप, कपडेपट आणि चहा-बिस्किटं यातच राहिल्या. कोणी तसं सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. यंदा माजी विद्यार्थ्यांनी ४० हजार रुपये दिलेत. त्यात काय घ्यावं? मुली कॅमेऱ्याकडे कशा येतील? एका आईने मला विचारलं, "आमच्या मुलीला सिनेमात घालायचंय का तुम्हाला?" तिला काय सांगू? या क्षेत्रात मुलींना खरंच करिअर आहे का?'

नमस्कार बाई,

गेल्या वर्षीची फिल्म कोणाच्या फोनवर शूट झाली, ते आठवून पाहा. बहुतेक एखाद्या मुलग्याच्या फोनवर झाली असेल. ज्याचा फोन तोच कॅमेरामन, आणि ज्याच्या फोनमध्ये फुटेज त्याच्याच घरी एडिटिंग. या वयात पुष्कळ मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. असतो तो आईचा किंवा दादाचा, तोही तासाभरासाठी. अशा मुलीला 'तूही कॅमेरा कर की' म्हणून काही होत नाही, आणि करिअरवर व्याख्यान ठेवूनही होत नाही. फोन शाळेचा हवा, कामाचा तक्ता भिंतीवर हवा आणि प्रत्येक कामाला प्रत्येकीचा नंबर लागायला हवा. आवड असेल ती मुलगी पुढे येईल, असं म्हणून वाट बघू नका. बूम (दांड्याला लावलेला माइक) कधी धरलाच नाही तर आपल्याला आवाजाचं काम आवडतं, हे तिला कळणार कुठून?

आधी खरेदी. भाव साधारण धरलेत, दुकानात थोडे वरखाली होतील. सगळ्यात मोठा खर्च म्हणजे १८ हजारांपर्यंतचा, १२८ जीबीचा अँड्रॉइड फोन. तो फक्त शाळेचा, सिमकार्ड न घातलेला. ट्रायपॉड आणि फोनचा क्लॅम्प मिळून साडेतीन हजार. कॉलरला लावायचे वायरचे दोन माइक, दोन हजार. एक छोटा शॉटगन माइक (ज्या दिशेला रोखला तिकडचाच आवाज मुख्यतः टिपणारा), तीन हजार. त्याच्यासाठी पाच मीटरची केबल आणि रंगारी वापरतात तो लांबवता येणारा दांडा, मिळून एक हजार. दांडा बोहरी आळीत मिळेल, केबल तपकीर गल्लीत. कान पूर्ण झाकणारे हेडफोन, दीड हजार. एक एलईडी पॅनेल, साडेतीन हजार. १ टीबीची हार्डडिस्क, पाच हजार. झाले साडेसदतीस हजार. उरलेल्या अडीच हजारांत थर्माकोलची दोन पांढरी शीट, मास्किंग टेप, एक्स्टेन्शन बोर्ड, माइकचे सेल, आणि हे सगळं ठेवायला झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात नुसती ठेवलेली लेन्स दोन-तीन महिन्यांत बुरशी धरू शकते.

कोणीतरी नक्की सांगेल की सेकंडहँड डीएसएलआर घ्या. घेऊ नका. बॉडी आणि लेन्समध्येच पैसे संपतात, आवाजासाठी काही उरत नाही, आणि शाळेच्या फिल्म पडतात त्या आवाजामुळेच. चित्र थोडं मऊ आलं तर लोक खपवून घेतात. संवाद ऐकू आला नाही की दुसऱ्या मिनिटाला मागच्या रांगा गप्पा मारायला लागतात.

फोन घेताना दुकानातच 'ओपन कॅमेरा' हे मोफत ॲप टाकून पाहा. शटर, म्हणजे प्रत्येक चित्र किती वेळ उजेड घेतं ते, हाताने बदलता आलं तरच तो फोन घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. वर्गातल्या ट्यूब किंवा स्वस्त एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोनने स्वतःहून १/६० सेकंदाचं शटर लावलं की चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकतात, आणि ते एडिटिंगमध्ये धड काढता येत नाहीत. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे गेले. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ मिळाला तर उत्तम, ३० मिळाला तरी चालेल. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि फोकस लॉक करायचा, नाहीतर मुलगी खिडकीसमोरून चालत गेली की तिचा चेहरा निळा-पिवळा होत राहतो. फोन एअरप्लेन मोडवर. बोटांनी झूम करायचं नाही. जवळचं हवं असेल तर ट्रायपॉड उचलून जवळ जायचं.

आता आवाज. इथे एक चूक इतकी हमखास होते की ती पहिल्याच शनिवारी मुद्दाम करून दाखवा. माइकच्या पिनवर काळ्या रेघा असतात. फोनच्या गोल जॅकला तीन रेघांची पिन लागते. कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या शॉटगन माइकबरोबर बहुधा दोन रेघांची केबल येते. ती फोनला लावली तर काहीच तक्रार येत नाही. फोन गुपचूप स्वतःच्या माइकने रेकॉर्ड करत राहतो आणि सगळं शूट झाल्यावर कळतं. म्हणून तीन रेघांची केबल किंवा ॲडाप्टर घ्या. फोनला गोल जॅकच नसेल तर टाइप-सीचा ॲडाप्टर, आणि तोही माइक चालणारा. काही ॲडाप्टरमधून फक्त आवाज ऐकता येतो. खात्री करायची तर रेकॉर्डिंग चालू ठेवून माइकवर नख घासा आणि लगेच ऐका. खरखर मोठी आली तर माइक चालू आहे. प्रत्येक नव्या जागी हे करायचं, दहा सेकंद बोलणं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकायचं आणि मगच टेक.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. ओढणी, बॅज किंवा मंगळसूत्र त्याला घासत नाही ना, ते पाहायचं. बूम फ्रेमच्या काठाला लागेल इतका जवळ आणि तोंडाकडे रोखलेला. डोक्यावर दोन मीटर उंच धरला तर वर्गाचा घुमाराच येतो. रेकॉर्डिंगची लेव्हल सर्वात मोठ्या वाक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा बंद, हे मोठ्याने ओरडून सांगणं हे साऊंड करणारीचं काम आणि तिचा अधिकार. जागा सोडण्यापूर्वी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प राहून त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. दोन तुकडे जोडताना मधली पोकळी त्याने भरता येते.

आता तुमचा खरा प्रश्न. वीस जणांचे पाच-पाचचे चार गट करा आणि पहिले चार शनिवार मुलींचे गट वेगळे ठेवा. ११ मुली असल्यामुळे एका गटात सहा होतील, सहावीला लाइट द्या. मुलं-मुली वेगळी बसवणं आम्हालाही पटत नाही, पण इथे कारण साधं आहे. ज्या मुलग्याने आधी फोन हाताळलाय तो 'थांब, मी करून देतो' म्हणतो, आणि चांगल्या मनाने म्हणतो. मुलगी फोन देऊन टाकते. तीन शनिवार असं झालं की ती विचारणंही बंद करते. पाचव्या शनिवारपासून गट मिसळा आणि एक नियम ठेवा: शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. तोंडाने सांगायचं, यंत्राला हात लावायचा नाही. हा नियम तुम्हालाही लागू, बाई. सर-मॅडम लोकच सगळ्यात आधी फोन हिसकावतात.

गटात पाच कामं: दिग्दर्शन, कॅमेरा, साऊंड, एडी (म्हणजे सहायक दिग्दर्शक: क्लॅप, शॉटमागून शॉट कपडे-वस्तू जुळतात ना ते पाहणारी कंटिन्युइटी, आणि वेळापत्रक) आणि प्रॉडक्शन-लाइट. दर शूटला प्रत्येक जण एक घर पुढे सरकतो. तक्त्यावर नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे 'कोण करतंय?' हा प्रश्नच येत नाही. तो प्रश्न आला की उत्तर कोणाच्या बाजूने लागतं ते तुम्ही गेल्या वर्षी पाहिलंय. कॅमेऱ्यासमोर काम करायला दुसऱ्या गटातले बोलवायचे. मेकअप आणि कपडे हे प्रॉडक्शनचं काम, ज्याचा नंबर त्याने करायचं, मुलग्याचा आला तर मुलग्याने. चहाही तसाच.

किट एकच आहे, म्हणून एक गट शूट करेल तेव्हा दुसरा शॉटची यादी लिहील, तिसरा एडिटिंगला बसेल आणि चौथा अभिनय करेल. गटाला ४० मिनिटं. पहिला सराव: संवाद नाही, सहा शॉट, एक मिनिट. 'नळावर बाटली भरणे' एवढीच गोष्ट. लांबून, मधून, जवळून. शॉट सुरू झाल्यावर तीन सेकंद थांबून मग हालचाल, आणि संपल्यावरही तीन सेकंद थांबायचं. मुलं घाईने बंद करतात आणि कापायला जागाच उरत नाही. दुसरा सराव: शाळेच्या खिचडीवाल्या मावशी किंवा शिपाईमामांची दोन मिनिटांची मुलाखत. इथे माइक, खिडकीचा उजेड आणि थर्माकोल शिकून होतो. माणूस खिडकीला पाठ करून बसला तर काळा दिसेल. खिडकी एका बाजूला घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने पांढरं शीट चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरायचं. तिसरा सराव: दोघींचं भांडण, समोरासमोर. दोघींच्या मध्ये एक रेघ आहे असं धरायचं आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्यायचे, नाहीतर पडद्यावर दोघी एकाच दिशेला तोंड करून बोलताना दिसतात. हे कितीही सांगितलं तरी मुलं एकदा चुकतातच. चुकू द्या, एडिटिंगला बसल्यावर त्यांनाच खटकतं.

विषय मात्र तुम्ही देऊ नका. मुलींचा गट म्हटला की शिक्षक 'मुलगी शिकली' छापाचा संदेशपट करायला लावतात आणि मुली तो गुणी चेहऱ्याने करतात. त्यांना भुताची गोष्ट करायची असेल तर ती करू द्या. भुताच्या गोष्टीत उजेड आणि आवाज यांचं काम दुप्पट असतं, हा आणखी फायदा.

एडिटिंगचं थोडक्यात. संगणक कक्षातल्या ८ जीबी रॅमच्या मशीनवर 'शॉटकट' किंवा 'केडेनलाइव्ह' मोफत चालतं. प्रॉक्सी (एडिटिंगपुरती फुटेजची हलकी प्रत) चालू करा, म्हणजे मशीन अडकणार नाही. 'डाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती चांगली आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. फोनचं फुटेज बदलत्या फ्रेमरेटचं असतं, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि काही मिनिटांनी ओठांच्या मागे-पुढे जातो. आधी 'हँडब्रेक' या सॉफ्टवेअरमधून फ्रेमरेट कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, करून घ्या. १०८० दर्जाच्या व्हिडिओला मिनिटाला साधारण १३० एमबी जागा जाते, म्हणजे ४० मिनिटांच्या फुटेजचे पाचेक जीबी. हार्डडिस्कवर एक प्रत, शाळेच्या संगणकावर दुसरी. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही. एडिटिंग शाळेतच व्हायला हवं. फुटेज कोणाच्या घरी गेलं की तुमचा तक्ता संपला.

त्या आईंना काय सांगायचं? 'नाही हो, सिनेमात नाही' असं म्हणून सुटू नका, कारण उद्या मुलगी खरंच जाईन म्हणाली तर तुमचाच शब्द तिच्या आड येईल. पालकसभेत मुलींनी काढलेली मुलाखत दाखवा आणि शेवटी श्रेयनामावली मोठ्या अक्षरांत: ध्वनी अमुक, छायाचित्रण तमुक. पालकांच्या डोळ्यांसमोर सिनेमा म्हणजे पडद्यावरची नटी असते. आपली मुलगी हेडफोन घालून दांडा धरून उभी आहे, हे चित्र त्यांनी पाहिलेलंच नसतं. खरं तर ते नवं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या कथापटाच्या वेळी, १९१३ मध्ये, सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं करत होत्या आणि युनिटचा स्वयंपाकही. सुमित्रा भावे कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या. सिनेमाचं औपचारिक शिक्षण न घेता चाळिशीनंतर त्या इथे पुण्यात राहून दिग्दर्शक झाल्या, आणि सुनील सुकथनकर यांच्यासह केलेल्या त्यांच्या चित्रपटाला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. रेणू सलुजा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, संकलन (एडिटिंग) शिकल्या आणि संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी मिळवले. छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार एका स्त्रीला, अंजुली शुक्ला यांना, पहिल्यांदा मिळाला तो मात्र थेट २०१० मध्ये.

अडचणी लपवू नका. मुंबईतल्या मेकअप कलाकारांच्या संघटनेत बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून सदस्यत्वच मिळत नव्हतं, केशरचनाकार म्हणूनच मिळत असे. हा नियम बेकायदा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये सांगितलं. 'बायकांचं काम' म्हणून आपण मुलींना जे टेबल देतो, तेही पैसे मिळायला लागल्यावर त्यांचं राहिलं नव्हतं.

करिअरचं म्हणाल तर काम आहे, पण पगाराच्या एक तारखेसारखं नाही. पुण्यात चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांच्या फिल्म, लग्नं, कॉलेजांचे व्हिडिओ धडे, यूट्यूब चॅनेल, नाटकांचं चित्रण यांवर बऱ्याच जणांची पहिली वर्षं निघतात. मराठी मालिकांचं मोठं काम मुंबई-ठाण्याकडे, आणि तिथे १२ तासांची शिफ्ट ही नेहमीची गोष्ट. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांचे पैसे दोन-तीन महिने अडकतात, म्हणून दर, दिवस आणि प्रवासखर्च आधी लेखी घ्यायचे, निदान व्हॉट्सॲपवर, आणि अर्धी रक्कम आगाऊ. पालक 'मग एडिटिंग कर, घरी बसून होतं' असं म्हणतात. ज्या मुलीला संकलनाचं वेड आहे तिने ते जरूर करावं. कॅमेरा हवा असलेल्या मुलीला सुरक्षित म्हणून तिकडे वळवलं तर गेल्या वर्षीच्या कपडेपटातच तिला पुन्हा बसवल्यासारखं आहे.

शिक्षणाचं सांगताना दहावीनंतर लगेच कोर्स शोधायला लावू नका. एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित रे संस्था, दोन्हीकडे मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. म्हणजे नववीतल्या मुलीला सात वर्षं आहेत. या काळात तिने काहीही शिकावं, वाचावं आणि शूट करत राहावं. दोन गोष्टी मात्र अकरावीतच ठरतात. आवाजाकडे ओढा असेल तर फिजिक्स सोडू नये, एफटीआयआय ध्वनीच्या अभ्यासक्रमाला बारावीपर्यंत तो विषय मागत आली आहे. कलादिग्दर्शन हवं असेल तर उपयोजित कला, वास्तुकला अशी पदवी लागते. त्यासाठी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आत्ताच द्यायला लावा. प्रवेश परीक्षा आणि नंतरच्या मुलाखतीत तिने काय पाहिलंय आणि का आवडलं, हे विचारतात. त्यासाठी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खेळ आणि जानेवारीच्या आसपास होणारा पिफ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, हे पुण्यातल्या मुलीला घरबसल्या मिळणारं भांडवल आहे. पाहुणी बोलवायची तर नटी नको. एखादी साऊंड रेकॉर्डिस्ट किंवा एडी बोलवा, तिला तिचं किट आणायला सांगा, आणि मुलींना विचारू द्या: पहिल्या कामाचे किती मिळाले, रात्री घरी कशी जातेस, आउटडोअरला बाथरूमचं काय करतेस.

हा शेवटचा प्रश्न कोणाला हसण्यासारखा वाटतो, पण मोकळ्या माळावरच्या शूटवर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत ते यामुळेच. तुमच्या प्रॉडक्शनवालीला जागेची पाहणी करताना पहिल्या ओळीत टॉयलेट लिहायला लावा. पुढे नोकरीत ती कॉलशीटवर (त्या दिवसाच्या शूटच्या सूचनापत्रावर) तेच मागेल, रात्री उशिरा पॅकअप असेल तर घरी सोडण्याच्या गाडीसकट. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत. नववीच्या मुलींना एवढं कळतं.

तुमच्या गटापुरतं बोलायचं तर शाळेच्या आवारातच शूट करा, पालकांची लेखी संमती घ्या आणि फिल्म यूट्यूबवर जाहीर टाकू नका. शनिवारवाड्यावर ट्रायपॉड घेऊन गेलात तर पुरातत्त्व खात्याची परवानगी विचारतील. पार्श्वसंगीताला सिनेमाचं गाणं नको. वर्गात कोणीतरी पेटी वाजवत असेलच, त्याच कॉलर माइकवर ती रेकॉर्ड करा.

जुलैत सुरू केलंत तर सहामाहीआधी दहा शनिवार सहज मिळतात. स्नेहसंमेलनाची फिल्म दिवाळीची सुट्टी संपल्यावर शूट करा, आठ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. ती एमपी४, एच.२६४ मध्ये काढा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. आदल्या दिवशी सभागृहातल्याच प्रोजेक्टरवर आणि स्पीकरवर पूर्ण लावून पाहा, मागच्या रांगेत बसून. संवाद हेडफोनवर स्पष्ट आणि हॉलमध्ये गढूळ वाटले तर संगीत खाली घ्या, संवाद वर चढवत बसू नका. आणि श्रेयनामावलीतली नावं हजेरीपटावरून तपासून घ्या. मुली ते बारकाईने वाचतात.